मी दाखवलेली सात मिनिटं

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. भंगार मात्र म्हणू नका.

मी एक व्हीआरचा चष्मा आहे. दिसायला डब्यासारखा, डोळ्यांवर बांधायचा. आत पाहिलं की समोरच्या भिंती नाहीशा होतात आणि दुसरंच जग उभं राहतं. ज्या घरात मी राहतो तिथल्या लोकांनी मला नाना नावं दिली. कोणी 'खोकं' म्हणालं, कोणी 'घोड्याची झापडं'. हे दुसरं नाव मला फार झोंबलं. झापडं लावली की घोड्याला आजूबाजूचं दिसत नाही. मला लावलं की माणसाला आजवर न दिसलेलं दिसतं. मग झापडं नक्की कोणाच्या डोळ्यांवर होती, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. तिथे सगळ्यांच्या डोक्याला टोप्या आणि हातांत मोजे होते. एका बाईनं माझी भिंगं बसवली, दुसरीनं पट्टे ओवले. तिसरीनं मला डोळ्यांना लावून पाच सेकंद डावी-उजवीकडे मान फिरवली आणि "हा पास" म्हणत पुढे सरकवलं. अभ्यास न करता मी पास झालो अशी ती एकमेव परीक्षा!

तिथून मी एका खेळांच्या दालनात गेलो. माझ्या आत तेव्हा एक डोंगरकडा होता आणि त्यावरून खाली झेपावणारी गाडी. मुलं किंचाळायची, मोठी माणसं हसायची आणि उतरल्यावर गुडघे धरून बसायची. मजेचे दिवस होते. पण नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते खोटं नाही. माझ्यापेक्षा हलके, देखणे चष्मे आले आणि माझी रवानगी पुठ्ठ्याच्या खोक्यात झाली.

त्या खोक्यातून मला एका उंच, किंचित वाकून चालणाऱ्या माणसानं उचललं. त्याला सगळे लंबूसर म्हणत. म्हाताऱ्या, आजारी माणसांची काळजी घेणाऱ्यांना शिकवणं हे त्याचं काम. त्याच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. या आजारात आधी नावं निसटतात, मग रस्ते, मग सदऱ्यात हात कुठून घालायचा तेही. पण मित्रांनो, भीती निसटत नाही. लाज निसटत नाही. कोणी आपल्याशी गोड बोललं की दटावलं, हे शब्द विसरल्यावरही कळतं.

लंबूसरांनी माझ्या आतली डोंगरावरची गाडी पुसली आणि सात मिनिटांचं एक नवं चित्रण भरलं. ते त्यांनी एकट्यानं बनवलं नाही. ज्यांचा आजार नुकता सुरू झाला होता अशा तिघांना शेजारी बसवून बनवलं. एक आजोबा ऐकून वैतागले. "छे! घड्याळाचा आवाज इतका बारीक कुठे असतो? डोक्यात खिळा ठोकल्यासारखा येतो. वाढवा!" एक आजी म्हणाल्या, "समोरच्याचे शब्द कळतात हो, पण ओळीनं येत नाहीत. माळ तुटून मणी सांडावेत तसे सांडतात." सरांनी तसंच केलं.

सात मिनिटांत हा आजार कळला असं कोणी म्हणालं, तर तो थापाड्या समजा. मी आजार दाखवत नाही, मी फक्त खुर्ची बदलतो. एरवी तुम्ही उभे असता आणि म्हातारं माणूस बसलेलं असतं. माझ्या आत तुम्ही बसलेले असता आणि बाकी सगळं जग तुमच्या डोक्यावर उभं असतं.

तर अशा तयारीनं मी या घरात आलो. दोन मजल्यांचं घर, मधोमध लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या. तीसेक म्हातारी माणसं इथे राहतात. त्यांना उठवणं, भरवणं, अंघोळ घालणं, बोलतं ठेवणं ही कामं मदतनीस करतात. त्यांच्यात सगळ्यात जुनी होती मिरची. पाळण्यातलं नाव तिचं दुसरंच असणार, पण जिभेमुळे हे नाव पडलं आणि चिकटलं. पंचेचाळिशीची, बांधा आटोपशीर, चाल भराभर, आणि आवाज व्हरांड्याच्या या टोकाचा त्या टोकाला जाईल असा.

पहिल्या दिवशी लंबूसरांनी सगळ्यांना एकेक करून बसवलं. कोणी घाबरलं, कोणी खिदळलं. मिरची हाताची घडी घालून दाराशी उभी होती.

"ताई, बसता का?" सरांनी विचारलं.

"चौदा वर्षं मी या माणसांच्या डोळ्यांत बघून काम केलंय. आता डब्यात बघून शिकू होय?" ती म्हणाली आणि चादरी बदलायला निघून गेली.

मला अपमान वाटला. आजही वाटतो. पण खरं सांगू? तिच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती.

घराच्या व्यवस्थापक मॅडमना मात्र मी फार आवडलो. त्यांनी मला घातलेल्या मदतनिसांचा एक फोटो काढला, चौकटीत बसवला आणि दर्शनी भिंतीवर लावला. तपासणीला येणाऱ्या साहेबांना तो दाखवला. साहेब "वा, वा" म्हणाले. नंतर लंबूसर दुसऱ्या गावी गेले आणि मला सामानाच्या कपाटात ठेवण्यात आलं. एका बाजूला हातमोज्यांची खोकी, दुसऱ्या बाजूला लंगोटांचे गठ्ठे. फोटो भिंतीवर झळकत होता आणि मी अंधारात धूळ खात होतो. देव्हारा मोठा, आतला देव उपाशी!

त्याच सुमारास कोचबाई राहायला आल्या.

कोचबाई म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या बाई. अडतीस वर्षं त्यांनी तलावावर शिटी वाजवली. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून पाण्यात उतरलं होतं. इथल्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यालाही लहानपणी त्यांनीच पाण्यात ढकललं होतं म्हणे. आता त्या ब्याऐंशीच्या होत्या. खांदे अजून रुंद, पण डोक्यातलं सगळं विस्कटलेलं.

आणि या बाई अंघोळीला नाही म्हणत. साधं नाही म्हणत नसत, झुंजत. दोघी मदतनीस त्यांना मागून काखेत धरून न्हाणीघराकडे न्यायला लागल्या की बाईंच्या अंगात कुठून बळ यायचं देव जाणे. एकीचा ओठ त्यांच्या कोपरानं फुटला. दुसरीचा दंड काळानिळा झाला. "जन्मभर पाण्यात राहिलेली मासोळी, हिला अंघोळीचं वावडं!" सगळे म्हणायचे. शेवटी नोंदवहीत बाईंच्या नावापुढे एक शब्द लिहिला गेला: 'मारकुटी'.

मित्रांनो, वहीतल्या शब्दाला हात-पाय नसतात, पण तो माणसाच्या आधी खोलीत शिरतो. तो शब्द लिहिला गेल्यापासून बाईंजवळ कोणी एकटं जाईना. आता दोघींच्या जागी तिघी जाऊ लागल्या. तिघींनी धरलं की बाई अधिक झुंजत. मग मॅडमनी ठरवलं. सोमवारी डॉक्टर येतील, बाईंच्या लेकीलाही बोलवायचं. गुंगीच्या गोळ्या सुरू करायच्या, म्हणजे बाई दिवसभर शांत पडून राहतील. लेकीनं कागदावर सही केली की झालं.

शुक्रवारी दुपारी कपाटाचं दार उघडलं. मिरची होती. तिचं डावं मनगट सुजलं होतं. सकाळी कोचबाईंनी पिरगळलं होतं. ती पट्टी शोधत होती आणि तोंडानं बाईंचा, मॅडमचा, स्वतःच्या नशिबाचा उद्धार चालला होता. पट्टी मिळेना. हाताला मी लागलो.

तिनं मला उलटसुलट करून पाहिलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, मला विजेला जोडलं, अर्धा तास मनगटावर ओलं फडकं धरून बसली आणि मग मला डोळ्यांवर बांधलं. तिचं कपाळ तापलेलं होतं.

माझं चित्रण सुरू झालं. खुर्ची. समोर खिडकी, पण बाहेर कुठलं गाव आहे ते कळत नाही. घड्याळाचे घाव. कोणीतरी दोघं डोक्यावरून बोलताहेत, पण शब्द सांडलेले. 'चला', 'ओलं', 'उशीर', 'पकड'. आणि मग, काही न सांगता, मागून दोन हात येतात आणि तुम्हाला उचलतात.

मी स्पर्श करू शकत नाही, मित्रांनो. मी केवळ दाखवतो. तरीही मिरची ओरडली. तिनं हनुवटी छातीशी नेली, खांदा झटकला आणि तिचं कोपर कपाटाच्या फळीवर आपटलं. मोज्यांची खोकी धडाधड कोसळली. माझा उजवा पट्टा तुटला तो तेव्हा.

तिनं मला उतरवलं. धापा टाकत ती स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मीसुद्धा मारलं की."

तिनं मला तुटक्या पट्ट्यानं हातात धरून पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ती चित्रण पाहतच नव्हती, विचार करत होती. मला ते तिच्या स्थिर झालेल्या पापण्यांवरून कळलं. मग ती मला मांडीवर घेऊन मोठ्यानं बोलू लागली. ऐकणारा मी एकटाच होतो.

"चिडलेलं माणूस कसंही मारतं. चावतं, ओरबाडतं, लाथ घालतं. कोचबाई दर वेळी अगदी एकसारखं करतात. आधी मान खाली. मग धरणारीचं मनगट खाली ओढायचं, कोपर वर रेटायचं, आणि अंग आक्रसून खालून निसटायचं. हे मारणं नाही. हे शिकलेलं काहीतरी आहे."

शनिवारी बाईंची लेक भेटायला आली, तेव्हा मिरचीनं तिला कपाटापाशीच गाठलं आणि हातवारे करून सगळं दाखवलं. लेक पाहत राहिली. मग तिनं तोंडावर हात धरला. हसतेय की रडतेय, कळेना.

"ही बुडणाऱ्याची मिठी सोडवायची पद्धत आहे," ती म्हणाली. "बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्याच गळ्यात पडतो आणि दोघं तळाला जातात. म्हणून आधी मिठी सोडवायची, मग त्याला धरायचं. आई आम्हाला जेवणाच्या टेबलाभोवती घोकून घ्यायची. हनुवटी खाली, मनगट ओढ, कोपर वर."

"म्हणजे इतके दिवस त्यांना वाटत होतं..."

"की कोणीतरी तिला बुडवतंय."

व्हरांड्यात कोणाची तरी काठी टकटक करत गेली.

सोमवारी मॅडमच्या खोलीत डॉक्टर, मॅडम आणि लेक बसले. टेबलावर कागद, कागदावर पेन. मिरचीला बोलावलं नव्हतं. ती आली. दार न वाजवता आली आणि तिनं मला बरोब्बर त्या कागदावर ठेवलं.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"हा तुमच्या भिंतीवरच्या फोटोतला चष्मा. आधी हा घाला, मग सही घ्या."

"मिरची, बाहेर जा. माझ्याकडे वेळ नाही."

"सात मिनिटं लागतात. बाईंना उरलेलं आयुष्य झोपवून ठेवायला वेळ आहे, आणि सात मिनिटं नाहीत?"

"तू कोणाशी बोलतेस याचं भान आहे का?"

"आहे. बाईंशी बोलायचं भान इतके दिवस नव्हतं, ते आता आलंय. मागून धरत होतो आम्ही त्यांना. मीही धरत होते. चूक माझी पहिली. पण चूक आमची आणि गोळी त्यांना, हा कुठला न्याय?"

डॉक्टर खाकरले. आपल्याला आजाराची पूर्ण माहिती आहे, असल्या खेळण्यांची गरज नाही, असं म्हणाले. खेळणं! माझ्या आत ज्या तिघांचं म्हणणं भरलं होतं, त्यांच्यासमोर म्हणून दाखवा म्हणावं. पण मी बोलणार कसा? लेक बोलली. तिनं कागद माझ्याखालून ओढून घेतला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला. "मॅडमनी घातल्याशिवाय मी सही करणार नाही," ती म्हणाली.

मॅडमनी मला लावलं ते शुद्ध रागानं. यात काही नाही हे सिद्ध करायचं होतं त्यांना. तुटक्या पट्ट्यामुळे मिरची मला मागून धरायला पुढे झाली, आणि मधेच थबकली. ती वळसा घालून समोर आली, गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी पट्टा धरते हं." मगच तिनं हात लावला.

चौथ्या मिनिटाला मॅडमनी मला काढलं. चेहरा पांढराफटक. हरले असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आठ दिवस. त्यानंतर मी कोणाचं ऐकणार नाही."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. न्हाणीघरात मला नेत नसत, भिंगांवर वाफ बसते. पण मिरची रोज कपाटाशी येऊन ओले केस पुसता पुसता इतर मदतनिसांना सांगायची, ते मी ऐकलं. पहिल्या दिवशी ती समोरून गेली, हात न लावता बोलली, आणि बाईंनी तिच्या तोंडावर पाण्याचा तांब्या फेकला. दुसऱ्या दिवशी वरच्या फवाऱ्याच्या आवाजानं बाई किंचाळल्या. तिसऱ्या दिवशी फवारा बंद ठेवून बादली घेतली, तर बाई उंबऱ्यावरूनच परतल्या. "आज तांब्याही फेकला नाही. प्रगती म्हणायची की अधोगती?" मिरची म्हणाली, आणि पोरी हसल्या.

चौथ्या दिवशी तिला वाट सापडली. ती स्वतःच बादलीपुढे स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाई, मला पाण्याची भीती वाटते. मला शिकवता का?"

कोचबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मिरचीकडे आपादमस्तक पाहिलं. मग त्यांचा आवाज आला, तलावावरचा, खणखणीत.

"खांदे सैल सोड. आधी पाय भिजव. एकदम आत जायचं नाही. श्वास तोंडानं घे. घाबरतेस काय? मी आहे ना."

मिरचीनं पाय भिजवले. "अस्सं नाही," म्हणत बाई आत आल्या आणि स्वतःचे पाय पाण्यात घालून दाखवले. मग हात दाखवले. मग मान. आठव्या दिवशी दोघी नखशिखांत भिजल्या होत्या. मिरचीचा गणवेश पिळून व्हरांड्यातल्या दोरीवर वाळत होता, आणि स्वच्छ, केस विंचरलेल्या कोचबाई खिडकीशी बसून तिच्यावर खेकसत होत्या, की अजून श्वास चुकतोय.

गोळ्या सुरू झाल्या नाहीत. नोंदवहीतला तो शब्द मिरचीनं खोडला आणि वर लिहिलं: 'मागून धरू नये. समोरून यावे. शिकायला आलोय असे सांगावे.'

कोचबाई बऱ्या झाल्या, असं मी सांगणार नाही. हा आजार बरा होत नाही. पुढे त्या लेकीचं नाव विसरल्या. शिकवण्याची युक्तीही काही महिन्यांनी चालेनाशी झाली आणि मिरचीला दुसऱ्या शोधाव्या लागल्या. दोन वर्षांनी एका सकाळी बाई गेल्या, त्यांच्या खोलीत, लेकीच्या हातात हात देऊन. त्या दिवशीही त्या जाग्या होत्या. कोणी त्यांना गुंगीत ठेवलं नव्हतं. एवढं आम्ही मिळवलं, आणि ते थोडं आहे असं मला कोणी सांगू नये.

वरिष्ठांशी उद्धटपणे बोलल्याबद्दल मिरचीला ताकीद देणारं पत्र मिळालं. ते तिनं सगळ्यांना वाचून दाखवलं, घडी घातली आणि माझ्या खोक्यात ठेवलं. "सांभाळ रे, माझं प्रशस्तिपत्र आहे," ती मला म्हणाली. मी सांभाळतोय.

आता माझं एक भिंग ओरखडलंय. उजव्या बाजूला पट्ट्याऐवजी जुन्या पायजम्याची नाडी आहे, तिनंच शिवलेली. नवे, पिसासारखे हलके चष्मे बाजारात आलेत. मागच्या आठवड्यात मॅडम मला टाकून द्या म्हणाल्या. मिरची म्हणाली, "नवा आणा की, दोन होतील. ह्याला हात लावायचा नाही."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी हात जोडतात, आम्हाला जपा म्हणतात. मी हात जोडणार नाही. मला जपलं नाहीत तरी चालेल, पण मी ज्यांच्या खुर्चीत तुम्हाला बसवतो त्यांना जपा. तुमच्या घरातले आजोबा हात झटकतील, आजी ताट लोटेल, तेव्हा त्यांना नाव ठेवण्याआधी समोर जा. खाली बसा. तुमचा चेहरा दिसू द्या. त्यांना काय दिसतंय ते शोधा. माझ्यासारखा चष्मा नसला तरी ते करता येतं. मिरचीनं केलं ते शेवटी माझ्याविनाच केलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

उद्या सकाळी नऊला तीन नवे मदतनीस येणार आहेत. त्यांतला एक आजच घर बघायला आला होता. मला पाहून फिदीफिदी हसला आणि म्हणाला, "हे कुठल्या जत्रेतून आणलंत?"

हसू दे. बसवा त्याला खुर्चीत.